विश्लेषण : न भरणारी जखम, चेहऱ्यावरचा काळा ठिपका... त्वचेच्या कर्करोगावर कोणता उपचार कधी?

'वूल्व्हरिन'च्या भूमिकेमुळे जगभर ओळखला जाणारा अभिनेता ह्यू जॅकमन याने नोव्हेंबर २०१३ मध्ये नाकावर पट्टी लावलेले आपले छायाचित्र समाजमाध्यमावर टाकले. नाकावरची खूण तपासून घे, असा पत्नीने आग्रह धरला होता. तपासणीत 'बेसल सेल कार्सिनोमा' हा त्वचेचा कर्करोग निघाला. त्यानंतरही त्याला याच आजारासाठी पुन:पुन्हा उपचार घ्यावे लागले. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या तत्कालीन 'फर्स्ट लेडी' जिल बायडेन यांच्या उजव्या डोळ्याच्या वरचा आणि छातीवरचा असाच कर्करोग काढण्यात आला. पुढच्याच महिन्यात जो बायडेन यांच्या छातीवरूनही एक गाठ काढली गेली. निदान तेच होते.

या तिघांच्या बातम्यांत एक गोष्ट समान आहे. खूण लहान असतानाच ती डॉक्टरांना दाखवली गेली आणि तिचा तुकडा तपासला गेला. महाराष्ट्रातल्या अनेक रुग्णांच्या बाबतीत हा क्रम उलटा होतो. आधी मलम, मग घरगुती उपाय, मग कुठे तरी 'जाळून घेणे' आणि सगळे थकल्यावर बायोप्सी. या कर्करोगावर उपचार कमी आहेत, अशी अडचणच नाही. साध्या शस्त्रक्रियेपासून गोळ्यांपर्यंत अनेक पर्याय आहेत. कोणत्या खुणेला कोणता पर्याय, हे ठरवण्याची पहिली पायरी चुकते आणि तिथेच सोपा आजार अवघड होतो.

हा कर्करोग नेमका कोणता?

त्वचेच्या सर्वांत वरच्या थराच्या तळाशी पेशींची एक रांग असते. त्या सतत विभागून नवी त्वचा तयार करतात. या तळच्या थरात सुरू होणारा कर्करोग म्हणजे बेसल सेल कार्सिनोमा. त्वचेच्या कर्करोगाचे तीन प्रमुख प्रकार मानले जातात. बेसल सेल, स्क्वॅमस सेल आणि मेलॅनोमा. यापैकी मेलॅनोमा सर्वांत घातक, तर बेसल सेल जगात सर्वांत जास्त आढळणारा आणि तिघांत सर्वांत संथ.

तो महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. रक्तातून वा लसिका ग्रंथींतून शरीरात इतरत्र पसरणे अत्यंत विरळा. त्यामुळे यातून मृत्यू क्वचितच होतो. परंतु 'जिवाला धोका नाही' याचा अर्थ 'काही होत नाही' असा नव्हे. दुर्लक्ष झाले तर तो जागेवरच खोल जातो, त्वचेखालची कूर्चा आणि हाडही खातो. डब्लिनमधील नेत्ररोगतज्ज्ञ आर्थर जेकब यांनी १८२७ मध्ये पापण्यांवरच्या अशा व्रणाचे वर्णन केले होते. उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो म्हणून पुढे त्याला 'रोडंट अल्सर' असे नाव पडले. नाकाची पाळी, पापणी किंवा कान गमावलेले रुग्ण पाहिले की हे नाव किती नेमके आहे ते कळते.

हा आजार जीव घेत नाही, म्हणून तो मोजलाही जात नाही. जागतिक पातळीवर कर्करोगाची आकडेवारी देणाऱ्या 'ग्लोबोकॅन' अहवालात त्वचेच्या कर्करोगाच्या आकड्यांतून बेसल सेल कार्सिनोमा वगळलेला असतो. जे मोजले जात नाही, त्यासाठी धोरण आखले जात नाही. तोटा शेवटी रुग्णाच्या चेहऱ्याला होतो.

भारतीय त्वचेवर तो वेगळा दिसतो का?

होय, आणि गफलतीचे एक मोठे कारण हेच आहे. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन सूर्याच्या अतिनील किरणांपासून बरेच संरक्षण देते. त्यामुळे गोऱ्या लोकसंख्येच्या तुलनेत भारतात त्वचेचा कर्करोग बराच कमी आढळतो. पण कमी म्हणजे शून्य नाही.

इंटरनेटवर या आजाराची छायाचित्रे शोधली तर बहुतेक गोऱ्या त्वचेवरची दिसतात. मोत्यासारखी चमकणारी गुलाबी गाठ आणि तिच्यावर बारीक रक्तवाहिन्या. भारतीय रुग्णांत मात्र ही गाठ बहुधा काळपट किंवा तपकिरी असते. कडा किंचित उचललेली व चकचकीत, मधोमध खपली. चेहरा पुसताना, दाढी करताना ती निघते, थोडे रक्त येते, पुन्हा खपली धरते. 'बरी होतेय' असे वाटते आणि महिनाभराने पुन्हा तेच. चार-सहा आठवड्यांत न भरणारी किंवा भरून पुन्हा उकलणारी चेहऱ्यावरची जखम ही या आजाराची सर्वांत महत्त्वाची खूण आहे.

सुमारे ८० टक्के गाठी डोके, चेहरा आणि मान या भागांत होतात. वर्षानुवर्षे उन्हात काम केलेल्या वयस्क व्यक्तींना धोका अधिक असतो. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे, पूर्वी त्या जागी किरणोपचार झालेले, आर्सेनिकयुक्त पाणी दीर्घकाळ प्यालेले, जन्मतः त्वचेत रंगद्रव्य नसलेले (अल्बिनिझम) आणि 'झिरोडर्मा पिग्मेंटोसम' या आनुवंशिक विकाराचे रुग्ण यांनी तर विशेष काळजी घ्यायला हवी.

काळा ठिपका दिसला की आपल्याकडे तो तीळ किंवा चामखीळ समजला जातो. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधणे, चुना-सोडा लावणे असे उपाय आजही ऐकायला मिळतात. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारे स्टेरॉइडमिश्रित मलम हा दुसरा मार्ग. त्याने लाली आणि खाज तात्पुरती कमी होते, म्हणून महिने निघून जातात. तिसरा मार्ग जास्त घातक, कारण तो आधुनिक वाटतो. तपासणी न करता लेझरने किंवा विजेच्या सुईने ठिपका जाळून टाकणे. वरचा भाग जातो, खालची मुळे राहतात. तपासायला तुकडाही उरत नाही. शेतातली हरळी वरून खुरपली की आठ दिवस रान स्वच्छ दिसते, तसाच हा प्रकार. पुढे ती गाठ व्रणाच्या खालून वाढते आणि वरून दिसत नाही.

आधी बायोप्सी का?

जागा बधिर करून गाठीचा दोन-चार मिलिमीटरचा तुकडा काढायचा, फॉर्मालिनच्या बाटलीत घालायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा. बायोप्सी म्हणजे एवढेच. दहा-पंधरा मिनिटांचे काम, भरती व्हावे लागत नाही. 'सुई लागली की कर्करोग पसरतो' ही भीती मात्र घराघरांत आहे. बेसल सेल कार्सिनोमाच्या बाबतीत तिला आधार नाही. उलट बायोप्सी टाळल्यामुळे होणारे नुकसान रोज दिसणारे आहे.

बायोप्सीतून तीन गोष्टी कळतात. पहिली, हा कर्करोग आहे का. दुसरी, बेसल सेल की मेलॅनोमा. काळा ठिपका दोन्हींत असू शकतो आणि उपचार पूर्ण वेगळे आहेत. तिसरी, बेसल सेलचा कोणता उपप्रकार. वरवर पसरणारा 'सुपरफिशियल' प्रकार मलमानेही जाऊ शकतो. गोल गाठीसारखा 'नोड्युलर' बहुधा साध्या शस्त्रक्रियेने निघतो. व्रणासारखा सपाट दिसणारा 'मॉर्फिइक' किंवा आत बारीक फाटे फोडणारा 'इन्फिल्ट्रेटिव्ह' प्रकार मात्र दिसतो त्यापेक्षा बराच मोठा असतो.

यानंतर जागेचा विचार येतो. पापण्या, नाक, ओठ, कान आणि कानशिले हा चेहऱ्याचा मधला व कडेचा पट्टा धोक्याचा मानतात. इथे गाठ परत येण्याची शक्यता जास्त आणि कापायला जागा कमी. गाठीचा उपप्रकार, आकार, जागा आणि ती पहिल्यांदा झाली आहे की परत आली आहे, या चार गोष्टींवर उपचार ठरतो. 'सगळ्यात नवीन उपचार कोणता?' हा प्रश्न त्यामुळे मुळातच चुकीचा आहे.

साधी शस्त्रक्रिया पुरेशी असते का?

बहुतेक रुग्णांना, हो. गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी निरोगी दिसणारी त्वचा काढून टाके घालणे हा आजही या आजाराचा मुख्य उपचार आहे. भोवतीची किती त्वचा काढायची? दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आणि कडा स्पष्ट असलेल्या गाठीभोवती ४ मिलिमीटर निरोगी त्वचा काढली तर सुमारे ९५ टक्के गाठी पूर्ण निघतात, असे १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. तोच आकडा आजही वापरला जातो.

उशिराची किंमत समजण्यासाठी हा हिशेब मांडून पाहायला हवा. समजा, निफाडच्या एका कांदा उत्पादक शेतकऱ्याच्या गालावर ८ मिलिमीटरची गाठ आहे. दोन्ही बाजूंना ४-४ मिलिमीटर धरले तर १६ मिलिमीटर रुंदीची त्वचा काढावी लागेल. एक रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. जागा बधिर करून तासाभरात काम होते, टाके सरळ रेषेत बसतात आणि व्रण सुरकुतीत लपतो. हीच गाठ दोन-तीन वर्षे मलम लावण्यात २० मिलिमीटरची झाली, तर किमान २८ मिलिमीटर. दहा रुपयांच्या नाण्याहून मोठा खड्डा. आता बाजूची त्वचा सरकवून आणणे, नाही तर दुसरीकडची त्वचा लावणे, प्लास्टिक सर्जन, जिल्ह्याच्या किंवा त्याहून लांबच्या शहराच्या फेऱ्या. आजार तोच, रुग्ण तोच. बदलला तो फक्त काळ.

शस्त्रक्रियेनंतरचा अहवाल पहिल्या बायोप्सीइतकाच महत्त्वाचा असतो. काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत कर्करोगाच्या पेशी आहेत की कडा मोकळ्या आहेत, हे त्यात लिहिलेले असते. टाके सुकले म्हणून हा अहवाल न आणणारे रुग्ण आणि तुकडा तपासायलाच न पाठवणारे दवाखाने या दोन्ही गोष्टी थांबायला हव्यात.

'मोह्स' शस्त्रक्रिया म्हणजे काय, ती प्रत्येकाला हवी का?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकत असताना फ्रेडरिक मोह्स यांनी १९३०च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. जिल बायडेन यांच्यावर याच पद्धतीने उपचार झाले. सर्जन गाठीचा पातळ थर काढतो, त्याच्या कडा वेगवेगळ्या रंगांनी खुणावतो आणि नकाशा काढतो. तुकडा लगेच गोठवून त्याची संपूर्ण कड आणि तळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. नकाशावर जिथे कर्करोग दिसेल फक्त तिथलाच आणखी थर काढायचा. कडा मोकळ्या होईपर्यंत हे चालते. रुग्ण तोवर पट्टी लावून बाहेर बसलेला असतो.

नेहमीच्या तपासणीत काढलेल्या तुकड्याचे पावाच्या लादीसारखे उभे काप करून त्यातले काही पाहिले जातात. दोन कापांच्या मध्ये एखादा फाटा असेल तर तो नजरेतून सुटू शकतो. मोह्समध्ये सगळी कड दिसते. शिवाय निरोगी त्वचा वाचते आणि पापणीवर किंवा नाकाच्या टोकावर एकेक मिलिमीटर मोलाचा असतो.

मग प्रत्येकाने मोह्सच करून घ्यावी का? नेदरलँड्समध्ये चेहऱ्यावरच्या बेसल सेल कार्सिनोमाच्या रुग्णांवर या दोन पद्धतींची थेट तुलना झाली आणि रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा केला गेला. पहिल्यांदा झालेल्या गाठींत साध्या शस्त्रक्रियेनंतर १२.२ टक्के, तर मोह्सनंतर ४.४ टक्के गाठी परत आल्या. हा फरक संख्याशास्त्राच्या निकषावर निर्णायक ठरला नाही. आधी उपचार होऊन परत आलेल्या गाठींत मात्र १३.५ विरुद्ध ३.९ टक्के असा फरक दिसला आणि तो निर्णायक होता.

यातून निघणारा अर्थ व्यवहार्य आहे. गालावरच्या, पाठीवरच्या लहान गाठीसाठी मोह्स शोधत फिरण्याची गरज नाही. परत आलेली गाठ, पापणी-नाक-कानावरची गाठ किंवा फाटे फोडणारा उपप्रकार असेल तर मात्र ती सुविधा असलेल्या केंद्राकडे जाणे योग्य. भारतात मोह्सचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर मोजकेच आहेत. ही सुविधा मिळत नसेल तर आणखी एक मार्ग आहे. गाठ काढून जखमेवर पट्टी ठेवायची, कडांचा अहवाल येईपर्यंत थांबायचे आणि कडा मोकळ्या असल्याची खात्री झाल्यावरच जखम बंद करायची. यासाठी नवे यंत्र लागत नाही. लागतो तो सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट यांच्यातला संवाद.

कापाकापी टाळता येते का?

काही ठरावीक गाठींत टाळता येते. धड, हात-पाय अशा कमी जोखमीच्या जागी लहान गाठ असेल तर ती खरवडून तळ विजेच्या सुईने जाळतात. वर सांगितलेल्या बिनतपासणीच्या जाळण्याशी याची गल्लत होऊ नये. इथे निदान झालेले असते आणि गाठ निवडलेली असते. उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रव नायट्रोजनने गाठ गोठवणे हा आणखी एक पर्याय. दोन्हींत कडांचा अहवाल मिळत नाही, म्हणून चेहऱ्याच्या धोक्याच्या पट्ट्यात ते सहसा वापरत नाहीत.

मलमांबाबत उत्सुकता सर्वांत जास्त असते. 'इमिक्विमोड' त्वचेची प्रतिकारयंत्रणा जागी करते. सुपरफिशियल प्रकारात ते साधारण आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे लावतात. '५-फ्लुरोयुरॅसिल' हे पेशींची वाढ रोखणारे जुने औषध मलमाच्या रूपात मिळते. 'फोटोडायनॅमिक थेरपी'मध्ये औषध लावून त्यावर विशिष्ट लाल प्रकाश टाकतात. नेदरलँड्समधल्याच ६०१ रुग्णांच्या चाचणीत सुपरफिशियल प्रकारावर या तिघांची तुलना झाली. पाच वर्षांनी इमिक्विमोडच्या गटात ८०.५ टक्के, फ्लुरोयुरॅसिलच्या गटात ७० टक्के आणि प्रकाशोपचाराच्या गटात ६२.७ टक्के रुग्णांची गाठ परत आलेली नव्हती. महागडी यंत्रणा लागणारा उपचार इथे तिसरा आला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ब्रिटनमधील दुसऱ्या चाचणीत कमी जोखमीच्या गाठींवर इमिक्विमोड आणि शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. पाच वर्षांनी यश अनुक्रमे ८२.५ आणि ९७.७ टक्के. म्हणजे मलम निरुपयोगी नाही, पण ते शस्त्रक्रियेची बरोबरी करत नाही. अनेक गाठी असलेल्या, शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा किंवा व्रण नको असलेल्या रुग्णासाठी तो विचारपूर्वक केलेला सौदा आहे. मलम लावताना त्वचा लाल होते, सोलवटते, खपल्या धरतात. हे औषध काम करत असल्याचे लक्षण असते. ते आधी सांगितले नाही तर रुग्ण घाबरून मध्येच सोडतो.

'शेक' घेऊन भागते का?

किरणोपचाराला बोलीभाषेत 'शेक' म्हणतात. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या वयस्क रुग्णांसाठी तो चांगला पर्याय आहे. पण कापण्यापेक्षा शेक सौम्य आणि म्हणून चेहरा चांगला राहील, हा समज तपासून घ्यायला हवा. फ्रान्समध्ये ३४७ रुग्णांवर झालेल्या चाचणीत चेहऱ्यावरच्या ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींवर दोन्ही उपचारांची तुलना झाली. चार वर्षांनी शस्त्रक्रियेच्या गटात ०.७ टक्के, तर किरणोपचाराच्या गटात ७.५ टक्के रुग्णांत उपचार अयशस्वी ठरला. चेहऱ्याचे रूपही शस्त्रक्रियेच्या गटात अधिक चांगले राहिले, कारण शेक दिलेली त्वचा पुढच्या काही वर्षांत पातळ पडते, रंग बदलते.

तरुण रुग्णांत शेक शक्यतो टाळतात, कारण त्या जागी पुढे नवा कर्करोग होऊ शकतो. झिरोडर्मा पिग्मेंटोसम आणि गॉर्लिन सिंड्रोम या आनुवंशिक विकारांत तर तो टाळायलाच हवा. शिवाय अनेक दिवस रोज केंद्रावर जावे लागते. गावाकडच्या रुग्णासाठी हा खर्च औषधाच्या खर्चाइतकाच खरा असतो. सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरीही त्यात धरावी लागते.

गोळ्या आणि इम्युनोथेरपी कोणासाठी?

या औषधांची कथा मेंढ्यांपासून सुरू होते. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या आयडाहो राज्यात काही कोकरे कपाळावर एकच डोळा घेऊन जन्मली. गाभण मेंढ्यांनी खाल्लेल्या एका रानवनस्पतीतील रसायन त्याला कारणीभूत निघाले. पुढे त्याला 'सायक्लोपामिन' असे नाव मिळाले. दुसरीकडे, फळमाशीच्या अळ्यांवर काम करताना क्रिस्टिआने न्युस्लाइन-फोलहार्ट आणि एरिक विशाउस यांना १९८० मध्ये एक जनुक सापडले. ते बिघडले की अळी काटेरी दिसे, म्हणून त्याचे नाव 'हेजहॉग' ठेवले गेले. या कामाला १९९५चे नोबेल मिळाले. भ्रूणात अवयव घडवणारा हा संदेशमार्ग प्रौढ वयात जवळपास बंद असतो. बेसल सेल कार्सिनोमात तो बिघडलेल्या स्विचसारखा सुरूच राहतो, हे १९९६ नंतर स्पष्ट झाले. आणि त्या कोकरांमध्ये वनस्पतीच्या रसायनाने हाच मार्ग बंद पाडला होता.

हा स्विच बंद करणारी पहिली गोळी 'व्हिस्मोडेगिब'. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०१२ मध्ये तिला मान्यता दिली. २०१५ मध्ये 'सोनिडेगिब' आले. या गोळ्यांनंतरही आजार वाढला किंवा त्या सोसल्या नाहीत तर वापरण्यासाठी 'सेमिप्लिमॅब' या इम्युनोथेरपीच्या औषधाला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. मूळ चाचणीत व्हिस्मोडेगिबमुळे शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या स्थानिक गाठी ४३ टक्के रुग्णांत लक्षणीय आकसल्या. ज्यांच्यापुढे डोळा किंवा नाक काढण्याचाच पर्याय होता, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

पण स्नायूंत गोळे येणे, चव जाणे, केस गळणे, वजन घटणे हे त्रास बहुतेकांना होतात आणि अनेकांना गोळी मध्येच थांबवावी लागते. गर्भावर गंभीर परिणाम होत असल्याने गरोदरपणात ती पूर्ण वर्ज्य आहे. कोकरांची गोष्ट इथे पुन्हा आठवावी. ही औषधे महाग आहेत आणि फार थोड्या रुग्णांना लागतात. वेळीच काढलेल्या गाठीला त्यांची गरज पडत नाही.

महाराष्ट्रात अडते कुठे?

शस्त्रक्रियेच्या कौशल्यात फारसे अडत नाही. लहान गाठ काढण्याचे काम जनरल सर्जन, प्लास्टिक सर्जन आणि प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञ करू शकतात. कर्करोगावरील शस्त्रक्रिया आणि किरणोपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत येतात. योजनेचे संरक्षण आता प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. मुंबईत टाटा मेमोरियलसारखे केंद्र आहे.

अडते ते याच्या आधीच्या टप्प्यावर. योजनेची मदत निदान झाल्यावर मिळते आणि निदानाचा तुकडा घेतलाच जात नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सहसा पॅथॉलॉजिस्ट नसतो, म्हणून डॉक्टर 'जिल्ह्याला दाखवा' असे सांगतात. चेहऱ्यावरच्या न दुखणाऱ्या ठिपक्यासाठी कांदा काढणीच्या किंवा ऊसतोडीच्या हंगामात कोणी जिल्ह्याला जात नाही. चिठ्ठी खिशातच राहते.

यावर उपाय महागडा नाही. फॉर्मालिनमध्ये ठेवलेला तुकडा अनेक दिवस चांगला राहतो. म्हणजे रुग्णाऐवजी बाटलीला प्रवास करता येतो. क्षयरोगाच्या निदानासाठी थुंकीचे नमुने गावातून प्रयोगशाळेपर्यंत नेण्याची व्यवस्था देशात आहेच. तीच वाट त्वचेच्या तुकड्यासाठी का वापरू नये? ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्याला पंच बायोप्सीचे प्रशिक्षण, सोबत बधिर करण्याचे औषध आणि फॉर्मालिनच्या बाटल्या आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजी विभागाकडून फोनवर येणारा अहवाल, एवढ्यावर काम भागते. 'ई-संजीवनी'सारख्या सेवेतून छायाचित्र पाहून तज्ज्ञ संशय व्यक्त करू शकतो, निदान मात्र तुकडाच करतो. तालुक्याला बायोप्सी पोहोचवणे हे नवे यंत्र जिल्ह्याला आणण्यापेक्षा स्वस्त आहे आणि या आजारात त्याचा उपयोगही जास्त लोकांना होईल.

चेहऱ्यावरचे तीळ-चामखीळ काढणाऱ्या दवाखान्यांसाठीही साधा नियम हवा. संशयास्पद, रंग बदललेली किंवा रक्त येणारी खूण तपासणीशिवाय जाळायची नाही आणि काढलेला तुकडा फेकायचा नाही.

रुग्णाने काय विचारावे, पुढे काय काळजी घ्यावी?

उपचार सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारण्यासारखे प्रश्न थोडेच आहेत. बायोप्सी झाली का आणि उपप्रकार कोणता? माझ्या गाठीची जोखीम कमी आहे की जास्त? हा उपचार निवडला तर गाठ परत येण्याची शक्यता किती? काढलेल्या तुकड्याच्या कडा मोकळ्या आहेत का? हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. चांगला डॉक्टर त्यांची उत्तरे आनंदाने देतो. बायोप्सीचा आणि कडांचा अहवाल घरी जपून ठेवावा. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला तरी पुढच्या डॉक्टरचे काम सोपे होते.

गाठ निघाली म्हणजे विषय संपला असे नाही. वर उल्लेख केलेल्या डच अभ्यासात पहिल्यांदा झालेल्या गाठींपैकी ज्या परत आल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक पाच वर्षांनंतर आल्या. एकदा हा कर्करोग झालेल्या व्यक्तीला दुसऱ्या जागी नवी गाठ होण्याची शक्यताही इतरांपेक्षा जास्त असते. ह्यू जॅकमनचे वारंवारचे उपचार हेच सांगतात. त्यामुळे वर्षातून किमान एकदा तपासणी आणि महिन्यातून एकदा आरशासमोर चेहरा, कानामागचा भाग, मान पाहणे ही सवय आयुष्यभराची. उन्हात काम करणाऱ्यांना सनस्क्रीनचा खर्च रोज परवडेलच असे नाही. रुंद काठाची टोपी, उपरणे, डोक्यावरून घेतलेला पदर आणि भर दुपारचे काम जमेल तेवढे सकाळ-संध्याकाळी करणे, हे संरक्षणही खरे आहे.

कर्करोग म्हटले की घर हादरते. या कर्करोगाच्या बाबतीत हादरण्याचे कारण नाही, पण थांबण्याचेही नाही. रुपयापेक्षा लहान असताना काढलेली गाठ बहुतेकांच्या आयुष्यातून निघून जाते. निफाडच्या त्या शेतकऱ्याला अमेरिकेतले रुग्णालय नको आहे. त्याच्या तालुक्यात एक बायोप्सीची सुई, एक बाटली आणि 'हे तपासून घेऊ' असे म्हणणारा डॉक्टर असला तरी पुरेसे आहे.